समोर वारा कोण कापत होतं?

सायकल आणि भूत म्हटलं की गोष्ट ठरलेली असते. सामसूम रस्ता, एकटा माणूस, आणि चालवता चालवता सायकल अचानक जड होते... म्हणजे कॅरिअरवर 'कोणीतरी' येऊन बसलेलं असतं. आमच्या भंडाऱ्याकडे ज्याच्या मामाला हा अनुभव आला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मी या सगळ्या मामांवर पोटभर हसत आले. आमच्या राइस मिलमध्ये अमावास्येला मशीनला लिंबू बांधतात. दुसऱ्या दिवशी ते लिंबू सोडवून मी सरबत करून पिते, असा माझा लौकिक आहे. (लिंबू चांगलं असतं, वाया कशाला घालवायचं?)

तर माझी सायकल जड झाली नाही. हलकी झाली. आणि त्या दिवशी मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

इथले अनुभव बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं घर शहापूरला, हायवेला लागून. मिल आतल्या एका गावात, घरापासून वीसेक किलोमीटर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक मोबाइलवर सगळं वाचतात आणि नंतर मलाच चिडवतात. मी मिलच्या ऑफिसात बिलिंग बघते. आधी एसटीने जायचे. एसटी येईल तेव्हा यायची आणि नाही आली तर नाही यायची. पुढे डॉक्टर म्हणाले, शुगर बॉर्डरवर आहे, चाला. म्हटलं, चालायला वेळ कुणाकडे आहे? पण ऑफिसला तर जावंच लागतं. घेतली सायकल.

लोक हसले. सासूबाई म्हणाल्या, "या वयात कायले तमाशा?" मी हट्टी आहे. चाळीशी ओलांडलेल्या बाईने रोज चाळीस किलोमीटर सायकल मारायची म्हणजे थोडा हट्ट लागतोच. पहिल्या आठवड्यात मात्र हट्टाची हवा निघाली होती. तेव्हा मारोतीभाऊ भेटले नसते तर मी मुकाट्याने परत एसटीच्या खांबाला टेकून उभी राहिले असते.

मारोतीभाऊ आमच्या मिलचे फिटर, वय पन्नाशीच्या पुढे. घर शहापूरलाच, माझ्या घरामागच्या गल्लीत. मूळचे नदीकाठचे, वडील-आजे मासेमारी करणारे. ते कित्येक वर्षांपासून सायकलनेच मिलमध्ये येतात. उन्हाळा, थंडी, पाऊस... खाडा नाही. त्यांनीच मला वाऱ्यात सायकल चालवायला शिकवलं.

ते कसं, हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समोरून वारा असला की दोघांनी शेजारी शेजारी चालवायचं नाही. एकाने पुढे राहून वारा कापायचा, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालवायचं. मागच्याला वारा लागत नाही, पेंडल निम्म्या ताकदीने फिरतं. किलोमीटरचा दगड आला की अदलाबदल. भाऊ याला 'बारी' म्हणायचे. बारीच्या बाबतीत माणूस एकदम कडक! मी बाई म्हणून सूट नाही, ऑफिसवाली म्हणून सूट नाही. दगड गेला आणि मी पुढे झाले नाही की मागे न बघता ओरडायचे, "वो मॅडम, झोपल्या का? बारी कोणाची हाय?"

मागे चालवण्यात दोन गोष्टी असतात. एक, पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही. खड्डा आहे, गाय आहे, काय आहे ते पुढच्याने बघायचं. मागच्याने फक्त विश्वास ठेवायचा. दुसरी, पावसाळ्यात पुढच्याच्या चाकाचा चिखल थेट आपल्या अंगावर येतो. भाऊंच्या सायकलला मागचं मडगार्डच नव्हतं. "गंजून गेलं, बसवू कधीतरी." त्यामुळे माझ्या रेनकोटवर पोटापासून हनुवटीपर्यंत लाल चिखलाची एक उभी पट्टी उमटायची. यावरून आमचं भांडण ठरलेलं.

आता तो दिवस.

ऑगस्ट संपत आला होता. दोन दिवस पावसाची झड लागलेली. भाऊ सकाळी आले नाहीत. त्यांनी फोन केला, "पोट दुखून राहिलं, तुमी व्हा समोर." मी एकटीच गेले. सकाळी वारा पाठीवर होता, म्हणून काही वाटलं नाही. जाताना रपट्यावर घोट्याएवढं पाणी होतं. रपटा म्हणजे तलावाच्या सांडव्याखाली रस्त्यातच बांधलेला ठेंगणा सिमेंटचा पूल. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाणं आम्हाला नवीन नाही.

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि पुष्पावहिनींचा फोन आला. पुष्पावहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. आधी नुसतं रडणं. मग म्हणाल्या, "ताई, यायले रगताची उलटी झाली. भंडाऱ्याले आणलं हाय. डॉक्टर म्हणते पोटात अल्सर फुटला, रगत पाहिजे. ओ निगेटिव्ह..."

माझा ओ निगेटिव्ह आहे. मिलमध्ये एकदा रक्तदान शिबिर झालं होतं तेव्हा दोघांना एकदमच कळलं. भाऊ तेव्हा म्हणाले होते, "चाला, आता भांडता नाई येत, रगत एकच हाय."

एक बाटली मिळाली होती, ती लावून झाली होती. दुसरी नागपूरहून येणार होती, पण रस्त्यात कुठेतरी पाणी असल्याने गाडी अडकली होती. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते, लवकर पाहिजे." मी म्हटलं, निघालेच.

मालकांनी लगेच पिकअप काढायला सांगितली. सायकल मागे टाकली, कशासाठी ते मलाही माहीत नाही, सवयीने. गावाबाहेर मोहाची झाडं आहेत. तिथे एक मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलेलं, पलीकडे आणखी एक. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. गाडी जाणं शक्य नव्हतं, मोटारसायकलही नाही. सायकल मात्र उचलून पलीकडे नेता येत होती.

ड्रायव्हर म्हणाला, "नोका जाऊ मॅडम. रपटा डुबला असन. पाणी उतरू द्या."

"उतरेपर्यंत तिकडे काय होईल?"

त्याने दोन्ही झाडांवरून सायकल पार करून दिली आणि म्हणाला, "रपट्यावर काड्या पाहून जा."

झाडांच्या आडोशातून बाहेर आले आणि वाऱ्याने जवळजवळ पाडलंच. तिथून रपट्यापर्यंत नुसत्या धानाच्या बांध्या, आडोसा म्हणून काही नाही. पाऊस आडवा येत होता. सर्वात हलका गिअर टाकला तरी सायकल जागची हलेना. उतरून ढकलत चालले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. डोक्यात एकच... या वेगाने संध्याकाळ होईल. मी वाऱ्याला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या, ऐकायला कोणी नव्हतं. मग रडायला आलं.

आणि वारा थांबला.

थांबला म्हणजे माझ्यापुरता थांबला. डाव्या-उजव्या बांध्यांतलं धान झोपलेलंच होतं. दूरचा बांबू कमानीसारखा वाकलेला होता. माझा फडफडणारा रेनकोट मात्र अंगाला चिकटून गप्प लोंबत होता. पेंडल एकदम सैल झालं. मला आधी वाटलं चेन पडली. खाली बघितलं. चेन जागेवर होती आणि सायकल पळत होती.

म्हटलं, वारा आहे, असं होतं कधी कधी. मी हँडल जरा उजवीकडे घेतलं. फाडकन वारा तोंडावर! परत आत आले... शांत. डावीकडे गेले... वारा. आत आले... शांत. लिंबाचं सरबत पिणारी बाई आहे मी, एकदा करून गप्प बसणार नाही. पुन्हा पुन्हा करून बघितलं. रस्त्याच्या मधोमध, एका माणसाच्या पाठीएवढ्या रुंदीची ती शांत जागा होती. मी वेग कमी केला की ती जरा पुढे सरकायची, आणि मग जणू माझ्यासाठी थांबायची.

मग तोंडावर चिखल उडाला.

ओठाला लागला, चव कळली. रेनकोटकडे बघितलं तर पोटापासून वर लाल पट्टी उमटत होती. माझ्या सायकलला दोन्ही मडगार्ड आहेत. समोर रस्ता रिकामा होता. अगदी रिकामा. नुसतं पाणी वाहत होतं.

ती पाठ मी ओळखत होते. आठ महिने तिच्या मागे चालवलं होतं. किती अंतर ठेवायचं हे माझ्या हातांना पाठ होतं, आणि माझे हात तेच अंतर ठेवत होते.

इथे वाचणारे म्हणतील, मग भीती कसली? मदतच होत होती ना? अहो, तीच तर भीती! मारोतीभाऊ भंडाऱ्याला कॉटवर होते. ते इथे माझ्यापुढे वारा कापत असतील, तर तिथे कॉटवर कोण होतं? काय उरलं होतं? मला सरळ एकच अर्थ दिसला. आणि जितकी सायकल हलकी जात होती, तितका तो अर्थ पक्का होत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला हात जोडले (म्हणजे मनात, हात हँडलवर होते) आणि मागितलं काय, तर वारा परत दे. माझी छाती फुटली तरी चालेल, पण हा वारा माझ्या तोंडावर येऊ दे.

आला नाही.

मग मी ओरडले, "भाऊ, वापस जा! मी येऊन राहिली ना! तुम्ही वापस जा!" एकदा नाही, रस्ताभर ओरडत होते. घसा बसला. चिखल येतच राहिला.

रपट्यापाशी उतरले. पाणी गुडघ्याला लागेल इतकं, मातकट, डावीकडून उजवीकडे धावत होतं. पलीकडचा रस्ता समोर दिसत होता, पण रपटा जरा तिरका आहे, मधला रस्ता कुठून जातो ते दिसत नव्हतं. आता आमच्याकडची रीत सांगते. रपटा बुडायला लागला की गावातले लोक त्याच्या दोन्ही कडांना काड्या रोवतात, बेशरमच्या. नाल्याकाठी माजणारं ते जांभळ्या फुलांचं झुडूप, त्याच्या लांब काड्या. दोन रांगांच्या मधे रस्ता. लहान पोरालाही हे माहीत असतं. काड्यांच्या मधून चाललं की पाय सिमेंटवरच पडतो.

दोन रांगा दिसत होत्या. मला हायसं वाटलं. सायकल खांद्यावर घेतली आणि दोन्ही रांगांच्या मधे जायला निघाले.

वारा तोंडावर आला. रपट्याच्या तोंडाशी, पाय पाण्यात घातल्याबरोबर. मी मागे सरले. डावीकडे शांत होतं. ती शांत जागा डावीकडे सरकली होती, दोन्ही रांगांच्या बाहेर, जिथे नुसतं धावणारं पाणी होतं. एकही काडी नाही.

मी तिथे उभी राहिले. लहानपणापासून ऐकलेलं सगळं आठवलं... पाण्यात गेलेलं माणूस सोबत मागतं, ओळखीचं रूप घेतं, भरवसा बसवतं आणि मग नेतं. ज्या गोष्टींवर हसले होते त्या एकेक करून समोर उभ्या राहिल्या. डोकं म्हणत होतं, काड्या गावच्या माणसांनी रोवल्या आहेत, डोळ्यांना दिसताहेत, त्यांच्या मधून जा. आणि मी ज्याला तासभर 'जा, जा' म्हणून हाकलत होते ते डावीकडे थांबलं होतं. हे लिहिताना लाज वाटत नाही, मला खरोखर मरणाची भीती वाटत होती.

शेवटी मी डावीकडे गेले. विचार करून गेले असं म्हणता येणार नाही. पाठीमागे चालवणाऱ्याने रस्ता बघायचा नसतो, एवढंच अंगात भिनलेलं होतं.

पहिलं पाऊल... खाली टणक. दुसरं... टणक. पाणी गुडघ्याच्या वर आलं, सायकल ओढली जात होती, पण पायाखाली सिमेंट होतं, एकसारखं, शेवटपर्यंत. काड्या माझ्या उजव्या हाताला राहिल्या. पलीकडे पोचले आणि मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

पुढेही हायवेपर्यंत तोंडावर वारा लागला नाही. मीही ओरडणं सोडून दिलं होतं. नुसती रडत पेंडल मारत होते. हायवेवर एका टेम्पोवाल्याला हात दाखवला, त्याने सायकलसकट घेतलं. टेम्पोत चढायला थांबले तेव्हा वाऱ्याने माझी टोपी उडवून नेली. म्हणजे समोर आता कोणी उरलं नव्हतं, आणि मला खात्री पटली की सगळं संपलं.

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी वहिनींचं तोंड शोधत होते. त्या बाकावर बसलेल्या होत्या. मला बघून उठल्या.

"हायेत जी," त्या म्हणाल्या. "झोपून हायेत. रगत देता ना?"

मी तिथेच फरशीवर बसले. वहिनींनी पदराने माझं तोंड पुसलं. पदर लाल झाला. त्या म्हणाल्या, "हे काय वो ताई, कोणाच्या मागं चालवली सायकल?" त्यांनी सहज विचारलं होतं. त्यांच्या नवऱ्याच्या मागे चालवून अशा पट्टीने रंगलेली मला त्यांनी कितीदा तरी बघितलं होतं. मी म्हटलं, "रक्त कुठे द्यायचं?"

डॉक्टरांनी लगेच रक्त घेतलं नाही. आधी बसवलं, पाणी पाजलं, खायला लावलं, तपासलं. मग घेतलं. भाऊंना ते लागलं. रात्रीपर्यंत नागपूरची बाटलीही आली, पण डॉक्टर नंतर वहिनींना म्हणाले की मधले तास निभले ते यांच्यामुळे.

पाणी उतरल्यावर मी पुन्हा त्या रपट्यावरून गेले. रस्ता कोरडा होता. सायकल लावून नीट बघितलं. गावकऱ्यांनी रोवलेल्या दोन रांगांपैकी डावीकडची रांग पुरात वाहून गेली होती, एक-दोन बुडखे तेवढे उरले होते. उजवीकडची उभी होती. आणि तिच्याही उजवीकडे, रपट्याच्या खालच्या अंगाला, आणखी एक रांग. तीही बेशरमचीच. सांडव्यावरून वाहत येणारे मासे अडवायला लोक तिथे जाळं बांधतात, त्याच्या काड्या. मला दिसलेल्या दोन रांगा त्या होत्या. त्यांच्या मधे रस्ता नाही. तिथे पाण्याने खोदलेला डोह आहे, मी पंधरा फुटी बांबू टाकून बघितला, टेकला नाही. काड्या रोवणाऱ्यांची चूक नाही आणि जाळं लावणाऱ्यांचीही नाही. काड्या वाचायला शिकलेल्या माणसानेच तिथे फसावं, असं ते होतं.

भाऊ घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. आजारी माणूस, उगाच कशाला? चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. भाऊ उशीला टेकून डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. मी उठले तर डोळे न उघडताच म्हणाले,

"तुमी एकबी बारी नाई घेतली वो मॅडम. सारा रस्ता मलेच समोर ठेवलं."

मी परत खाली बसले. मी म्हटलं, "कोणता रस्ता, भाऊ?"

त्यांनी डोळे उघडले. "कायचा रस्ता?"

"आत्ता तुम्ही म्हणालात ना..."

"मी काय म्हणलो?" त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनीही ऐकलं होतं, पण त्या म्हणाल्या, औषधाची गुंगी आहे, बडबडतात. असेल. गुंगी असेल.

मी स्वतःला बरीच उत्तरं देऊन बघितली. वाऱ्याचे झोत असतात, मधे पट्टे शांत राहतात. चिखल टेम्पोच्या चाकाने उडाला असेल, पण तो हायवेच्या आधीच ओठाला लागला होता, मला चव आठवते. घाबरलेलं मन काहीही बघतं, हेही खरं. पण मी काही बघितलं नव्हतंच, समोर काहीच नव्हतं. एका ओळखीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते गोड हसले आणि माझी शुगर विचारली. म्हणून आता कोणाला सांगत नाही. इथे लिहिते, कारण इथे मला कोणी ओळखत नाही.

भाऊ बरे आहेत, अजून अशक्त आहेत, पण हिंडतात फिरतात. त्यांना मी आजवर काही विचारलेलं नाही. विचारायला जाते आणि विषय बदलून परत येते. कारण त्या दिवशी त्या रस्त्यावर जे काही होतं, त्याला मी जीव तोडून एकच गोष्ट सांगत होते... वापस जा. त्याने ऐकलं असतं तर मी काड्यांच्या मधून गेले असते, आणि भंडाऱ्याला वहिनी त्या बाकावर बसून माझी वाट बघत राहिल्या असत्या.